पोलीस पाटलांची शार्क

त्र्यंबकेश्वरच्या पुढे, हरसूलच्या वाटेवर आमची वाडी आहे. तिथे बिबट्या दिसला की लोक आधी सावळीरामकाकांकडे जातात. काका पोलीस पाटील आणि माझे सख्खे चुलते, म्हणून हक्काने सांगतो, इतका संशयी माणूस शोधून सापडायचा नाही. कुणी धापा टाकत आला की काका त्याला बसवणार, पाणी देणार आणि मग सोलून काढणार. किती पावलांवर व्हता? अंगावर ठिपके की पट्टे? शेपूट भुईला टेकत व्हती का? तू उभा व्हतास की पळत व्हतास? पळत व्हतास, मंग पाठीला डोळे हायेत का तुझ्या? चार प्रश्नांत बिबट्याचा कुत्रा व्हायचा, फार तर तरस. काका वहीत तसं लिहून खाली अंगठा घ्यायचे. उगाच वनखात्याच्या साहेबांना हेलपाटे नकोत, असं ते म्हणत. खरं म्हणजे त्यांना आपल्या प्रश्नांचा भारी गर्व होता.

गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना डहाणूला नेलं. माझा मेहुणा अमित तिथे नोकरीला आहे. त्याच्या ओळखीचा एक तांडेल आम्हाला आपल्या होडीतून गळ टाकायला घेऊन गेला. काकांनी अठ्ठावन्न वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी फळी अशी घट्ट धरली होती की त्यांच्या हातात गळ द्यायचा प्रश्नच आला नाही.

मी आणि अमित गळाला आमिष लावत होतो. तांडेल इंजिनाशी खुडबुडत होता. तेवढ्यात काका किंचाळले, "शार्क! शार्क!" आम्ही वळून पाहिलं तर पाण्यावर नुसता फेस.

"कुठली मुशी?" तांडेलाने शांतपणे विचारलं. शार्कला तो मुशी म्हणत होता. "ठिपके होते का अंगावर? ठिपकेवाली असेल तर गरीब, माणसाला काही करत नाय. शेपूट उभी होती का आडवी? आडवी असेल तर डॉल्फिन."

अमितने मोबाइलवर चित्रं काढून दिली. काकांनी आधी हातोडीसारख्या डोक्याच्या माशावर बोट ठेवलं, मग ठिपकेवाल्यावर आणि तिसऱ्यांदा थेट डॉल्फिनवर.

"ओंडका असेल, काका. वाहून येतात," तांडेल म्हणाला.

"मी पोलीस पाटील हाय!" काका कडाडले. तांडेलाने मान डोलावली आणि इंजिन सुरू केलं.

घरी येऊन गप्प बसावं की नाही? पण काकांनी चहाच्या टपरीवर सगळं सांगितलं. वाडीला काकांचे ते चार प्रश्न तोंडपाठ. "शेपूट भुईला टेकत व्हती का, पाटील?" पुंजारामने विचारलं, आणि टपरी हसून हसून लोळली. दोन दिवसांत लहान पोरंसुद्धा काकांना बघून "ओंडका, ओंडका" करायला लागली. काकांचं जेवण तुटलं. ज्याच्या शब्दावर वाडी चालायची, त्याचा शब्द कुणी घेईना. मला आधी मजा वाटली, मग मात्र वाईट वाटायला लागलं.

रविवारी धोंडाबाई आमच्या ओट्यावर आली. चार वर्षांपूर्वी भाताच्या बांधावर तिने बिबट्या पाहिला होता. तिने चारही उत्तरं चोख दिली होती. पण आदल्याच आठवड्यात एका रानमांजरापायी साहेब फुकट येऊन गेले होते, म्हणून काकांनी वहीत कुत्रा लिहिला. तेव्हापासून पोरं तिच्या मागे भुंकायची, आणि तिने आमचा ओटा सोडला होता.

ती बसली. "पाय कापले का, पाटील?"

"लटलटा."

"रातीला डोळा लागतो का?"

"नाय."

"मंग व्हता तुमचा मासा," ती म्हणाली आणि उठून गेली.

काका आत जाऊन जुनी वही घेऊन आले. मग ती काखेत मारून टपरीवर गेले. मी मागोमाग. सगळ्यांसमोर त्यांनी जुनं पान काढलं, 'कुत्रा' खोडला आणि वर मोठ्या अक्षरात 'बिबट्या' लिहिलं.

"धोंडाबाईनं पाह्यला त्यो बिबट्याच व्हता. मी चुकीचं लिवलं. आता कुणी तिच्यामागं भुंकलं तर माझ्याशी गाठ हाय."

पुंजारामला काही राहवेना. "आन् तुमची शार्क, पाटील? तीबी लिवा की."

"ती नाय लिवायची," काका म्हणाले. "धोंडाबाई उभी राहून बघत व्हती. मी माशाचं तोंड दिसल्याबरोबर डोळे मिटले."