गणूकाकांची सेटिंग

गाडी गॅरेजात शिरली की ड्रायव्हरशी बोलायच्या आधी गणूकाका मोटारीवर तळहात ठेवायचे आणि मनात पाच आकडे मोजायचे. हात टिकला तर "हां, बोल आता" म्हणायचे; नाही टिकला तर ड्रायव्हरची खैर नसायची.

काल्हेरच्या गोदामांतून माल वाहणाऱ्या इलेक्ट्रिक तीनचाकींचं आमचं गॅरेज. काकांचं निम्मं आयुष्य कापडाच्या लूमच्या मोटारींच्या वाइंडिंगमध्ये गेलेलं. साठीला टेकल्यावर लॅपटॉप शिकले आणि मोटारीला करंट किती द्यायचा ते ठरवणाऱ्या कंट्रोलरची सेटिंग अशी बसवू लागले, की शिकलेल्या इंजिनिअरांनी तोंडात बोटं घालावीत. मला त्यांनीच शिकवलं. "दिनू, करंट निस्ता ओतून जोर येत न्हाय. मोटारीतल्या चुंबकाशी बराबर कोन साधून दिला, तर थोडक्या करंटात गाडी उचलते. बाकीचा सगळा ताप हाय. आन् तापून चुंबक मेला, की मेला."

सलीमभाई ड्रायव्हर मात्र दुप्पट माल भरून मानकोलीच्या पुलावर चढायचे. "उस्ताद, पुल पे गाड़ी नहीं उठती, थोड़ा करंट बढ़ा दो ना." काका दरवेळी नकार द्यायचे. एका मंगळवारी काका गुडघे शेकायला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेले होते. सलीमभाईंनी मला गळ घातली, आणि मलाही वाटलं, आपल्याला येतंय की सगळं! काकांचाच पासवर्ड टाकून मी करंटची मर्यादा वाढवली. गाडी पुलावर सुसाट गेली आणि मी दिवसभर फुशारलो होतो.

पंधरा दिवसांत ती गाडी दोरीने ओढून आणली. रिकामीसुद्धा धड चालेना. काकांनी चाक उचलून फिरवलं, मीटर लावला आणि तो खाली ठेवला. "चुंबक गेला." सलीमभाई गावी गेलेले, गाडीचा मालक संतापलेला. आमच्या शेठनी लॅपटॉप पाहिला, तर करंट वाढवल्याच्या नोंदीपुढे काकांचं नाव.

"काका, वय झालं तुमचं. उद्यापासून येऊ नका."

नोंदीतली तारीख, काका अकलोलीला होते त्या मंगळवारची होती. ती काकांनी वाचली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि चपला घालून निघाले. मी पाना पुसत राहिलो. लाज वाटत होती, पण नोकरीची भीती त्याहून मोठी होती.

महिन्याने त्यांच्या घरी गेलो. काका खाटेवर, दम्याने पार खंगलेले. "काका, ते मी केलं होतं."

"ठाऊक हाय. वाटलं, तू तितंच शेठसमोर बोलशील." मग काकूंना चहा ठेवायला सांगितलं.

"शेठला सांगू?"

"ते मला कशाला इचारतोस?"

मी उद्या-परवा करत राहिलो. होळीच्या आत काका गेले. स्मशानात शेठ माझ्याच शेजारी उभे होते. "म्हातारा हुशार होता रे," ते हळूच म्हणाले, "पण शेवटी चुकला."

मी हो म्हणालो.