फोडण्याआधीचा नारळ

भाड्याच्या गाडीचे ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. याहून मोठे गुन्हे नोकरीत पुष्कळ उकलले, पण त्यांतल्या निम्म्यांचे तपशील आज मला सांगता यायचे नाहीत. हे लक्षात राहिले, कारण यात पहिली चूक माझी होती.

झाशीत दतिया गेटकडच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळी आमचे मुंशी तहरिरी, म्हणजे लोकांच्या लेखी तक्रारी, टेबलावर आणून ठेवत. त्या दिवशी एक तहरीर गाड्या भाड्याने देणाऱ्या एजन्सीच्या मालकाची होती. एका तरुणाने स्वतः चालवायला गाडी नेली, बबीनाच्या पुढे दगडावर आदळून इंजिन निकामी केले आणि आता करारातली नुकसानभरपाई द्यायला तो नाकारतो, असे तिच्यात लिहिले होते. त्याच ढिगात खाली त्या तरुणाची दुसरी फाईल होती. त्याची रेल्वेत निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी माझ्याकडे आली होती. तक्रार प्रलंबित असेल तर अहवालात तसे लिहावे लागते, आणि तसे लिहिले की नेमणूक लटकते. एजन्सीवाल्याला हे पक्के ठाऊक होते. नोकरी लागल्याचे मुलानेच त्याला कौतुकाने सांगितले होते.

मुलगा आमच्या मराठी घरांपैकीच. वडील रेल्वेत असतानाच वारले, घरी फक्त आई. मी त्याला बोलावले.

“करारावर सही तुझीच ना?”

“हो काका. पण गाडी मी ठोकलीच नाही. चलते चलते बंद झाली.”

“सही आहे ना? मग पैसे भर आणि मोकळा हो.”

त्याने ठाण्यात मला काका म्हटले याचाही मला राग आला होता. आपल्या माणसाला झुकते माप दिले असे कुणी म्हणू नये म्हणून मी जरा जास्तच कडक वागलो. तोही एक पक्षपातच असतो, हे कळायला मला दुपार उजाडावी लागली.

दुपारी बबीनाहून फोन आला. बोलणारा मिस्त्री होता, गाडी ओढून आधी त्याच्याकडेच नेली होती. “साहब, ऊ गाड़ी के चेंबर में पुरानो जोड़ लगो हतो. जोड़ खुल गओ, तेल बह गओ, इंजन जाम. पत्थर-वत्थर कछु नईं लगो. हमाओ नाम न लइयो.” चेंबर म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे. मी फोन ठेवला आणि कराराची प्रत पहिल्यांदा नीट वाचली. सकाळी मी ती नुसती चाळली होती, हे कबूल करतो.

करारात त्या रकमेला ‘डॅमेज एक्सेस’ म्हटले होते. मला वाटत होते, गाडीला काहीही झाले की ती भरायची. तसे नव्हते. चालवणाऱ्याकडून अपघात झाला, तर नुकसानीचा पहिला ठरावीक वाटा त्याचा आणि पुढचा विम्याचा, एवढाच तिचा अर्थ. गाडी आपल्या दोषाने बंद पडली तर भाडेकरूने काहीच द्यायचे नव्हते. म्हणजे सारे प्रकरण एका प्रश्नावर आले. चेंबर दगडाने फुटले, की आधीच गळत होते?

मी एजन्सीत माणूस पाठवला. जुने चेंबर भंगारात जाऊन नवे बसलेही होते. शिवाय ‘गाडी तपासून सुस्थितीत मिळाली’ या कागदावर मुलाची सही होती. न बघता सही का केलीस, असे मी विचारले तेव्हा तो खाली बघत म्हणाला, “आई म्हणाली, राहुकाळ लागेल, लवकर निघ.” मायलेक सागरला मुलगी बघायला निघाले होते. मी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी त्याची आई ठाण्यात आली. बसा म्हटले तरी बसेना. “भाऊसाहेब, त्या गाडीला आम्ही देवासारखं वागवलं हो. हे बघा, नेण्याआधी पूजासुद्धा केली,” असे म्हणून तिने मोबाईल पुढे केला. भाड्याच्या गाडीलाही कुंकू लावून नारळ फोडल्याशिवाय आमची माणसे तिच्यात पाऊल ठेवत नाहीत. फोटो एजन्सीच्या आवारातला होता. मी तो मोठा करून पाहिला आणि एजन्सीवाल्याला बोलावून घेतले.

आरडाओरडा करून मी कधी चौकशी केली नाही. समोरच्याला चहा द्यावा आणि बोलू द्यावे. तो भरपूर बोलला. लड़का झूठा, ऊपर से लापरवाह. मग मी त्याच्यापुढे फोटो ठेवला. इंजिनाच्या बरोबर खाली जमिनीवर ओला, चकचकीत डाग होता.

“भैया, ये क्या है?”

“नारियल का पानी है साहब. इन्हीं की माताजी ने फोड़ा था, मेरे सामने.”

“पक्का? लिख दोगे?”

“लिख देंगे.”

मुंशींनी लिहून घेतले, त्याने सही केली. मग मी त्याला फोटोत आईच्या हाताकडे बघायला सांगितले. तिने दोन्ही हातांत नारळ धरला होता. शेंडीसकट, अख्खा.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. “साहब, जोड़ पुराना था,” तो शेवटी म्हणाला. त्याने तहरीर मागे घेतली, गाडी नेताना मुलाने भरलेली अनामत परत केली, आणि मी पडताळणीच्या अहवालावर ‘प्रतिकूल काही नाही’ असे लिहून तो त्याच दिवशी पुढे धाडला. मुलाची मी माफी मागितली. पोलिसाला ते जड जाते, पण मला त्यानंतर बरे वाटले.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे. सही केली म्हणजे माणूस दोषी ठरत नाही, आणि ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही त्याच्या जोरावर दुसऱ्याला दटावू नये. मी तसे केले होते, आणि एका आईने नारळ फोडण्याआधी फोटो काढून घेतला म्हणून एका मुलाची नोकरी वाचली.

निवृत्तीनंतर ओरछ्याला जायला मीही एकदा गाडी भाड्याने घेतली. सही करण्याआधी आवारात सरळ आडवा झालो आणि खालून चेंबर पाहिले. पत्नी हातात नारळ घेऊन उभी होती. “उठा आता, राहुकाळ लागेल,” ती म्हणाली.

“लागू दे,” मी गाडीखालूनच म्हणालो. “तू आधी फोटो काढ.”