भिंगाखालचं शेवाळ

पुतणीनं कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला मी डोळा लावला. समुद्राच्या एका थेंबात काचेच्या कुप्यांसारखं शेवाळ तरंगत होतं आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक जीव ते खात सुटला होता.

"बिचारं शेवाळ," मी म्हणाले.

"बिचारं कसलं, काकू! यातली कुपी फुटली की विष तयार होतं. खाणाऱ्याला फारसं काही होत नाही, पण त्याची पिल्लं अंड्यातच मरतात."

हिची आई म्हणजे माझी थोरली जाऊ. एकदा पाहुण्यांसमोर तिनं माझ्या माहेराचा उद्धार केला. तिला उलट बोलायची माझी छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी ही पोर, तेव्हा सात वर्षांची, ओट्यापाशी गाणं म्हणत होती. मी म्हटलं, "पुरे! आईसारखाच चिरका आवाज आहे तुझा." त्यानंतर ती घरात कधी गायली नाही.

शेवाळ निदान स्वतः मरतं तरी. मी चांगली धडधाकट आहे.

"नीट दिसतंय ना, काकू?"

"दिसतंय गं," मी म्हणाले, पण भिंगावरचा डोळा काही उचलवेना.