मधल्या खुर्चीवरचा निरोप्या

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, एवढ्या आधारावर हे लिहायला बसलो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

भडगावजवळ आमची शेती. आजोबा गेले आणि वडिलांनी, म्हणजे आबांनी, सामाईक विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं. धाकटे काका, म्हणजे नाना, कोर्टात गेले. निकालाला वर्षं लागली असती. पाऊस ओसरून महिना झाला होता, नानांची केळी तेवढी थांबणार नव्हती. कोर्टातल्या साहेबांनी दावा तडजोडीसाठी लोकअदालतीत पाठवला. शब्द आम्हाला नवाच होता.

टेबलामागे निवृत्त न्यायाधीश, एक वकील आणि एक शिक्षिका. समोर आबा आणि नाना. कागद वाचायला आणलेला मी मधल्या खुर्चीवर. आमच्याकडे अबोला धरला की तिसऱ्याच्या तोंडून बोलतात. तिथेही तेच सुरू झालं.

"सांग त्याले, पानी मन्हं शे," आबा मला म्हणाले.

नानांनीही माझ्याकडेच पाहिलं. "मोठा भाऊले सांग, विहीर बठ्ठास्नी शे." म्हणजे विहीर सगळ्यांची आहे.

"कान दोघांचे शाबूत दिसतात," वकील म्हणाले. "मग हा पोस्टमन कशाला?"



"सांग त्याले, मरू दे त्यानी केळी," आबा म्हणाले.

नानांनी ते ऐकलं होतं. पण मी उच्चारेपर्यंत ते पोचलं असं धरायचं नव्हतं. मी म्हणालो, "आबा म्हणतात, केळी मरायला नको."

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एक 'नही' आणि सगळं तिथेच मोडलं असतं. पण त्यासाठी चारचौघांत मुलाला खोटं पाडावं लागलं असतं. ते मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिले.

"तीन दिवस यांना, तीन त्यांना, सातव्या दिवशी विहीर भरू द्यायची," न्यायाधीश म्हणाले. "मंजूर?"

दोघांनी सह्या केल्या. एसटीत आबा माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. मी जळगावला कॉलेजात परतलो. कागदावर पाळी होती, किल्ली मात्र अजून आबांच्या करदोट्याला होती.

दोन महिन्यांनी गावातले एक ओळखीचे वसतिगृहावर आले. म्हणाले, "नानांची केळी निसवली, घड बाहेर पडले. त्यांच्या पाळीला आबा पहाटे स्वतः कुलूप काढतात, आणि नाना यायच्या आत निघून जातात."