खंडेनवमीचे मासे

मासे वर आले होते. एखाददुसरा नव्हे, सगळेच. टाकीभर नुसती तोंडं दिसत होती, उघडायची आणि मिटायची. बोटाएवढी रोहूची पिल्लं ती. एरवी तळाशी घोळक्यानं फिरायची, माणसाची सावली पडली की सुर्रकन पळायची. आता मी वाकून पाहिलं तरी एक हललं नाही. कडेला दोन-तीन उलटी झाली होती, पांढरं पोट वर करून.

मॅडम माझ्यामागं दारात उभ्या होत्या, हातात प्रसादाचा द्रोण. तो त्यांनी खिडकीत ठेवला. पाण्यात बोटं बुडवून वास घेतला आणि माझ्याकडं वळल्या.

"मावशी, कोणती बादली घेतली होती तुम्ही?"

"निळी."

"लाल तर नव्हती ना? आठवून सांगा."

"मला रंग कळतात," मी म्हणाले.

निळी बादली साध्या पाण्याची आणि लाल बादली औषधाच्या टाक्या धुवायची. लाल बादली माशांच्या खोलीत न्यायची नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि ते सांगायची गरजही नव्हती. आमच्या गावाकडं फवारणीचा डबा कुणी पाणी प्यायच्या हंड्याजवळ ठेवत नाही. तरी त्यांनी पुन्हा विचारलं, फरशीला फिनेल मारलं का, हातपाय धुवायचा साबण टाकीत गेला का. मी नाही म्हणाले. मला राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघून तो गिळला. चेहरा अगदी राखेसारखा झाला होता.

लातूरच्या एमआयडीसीत औषधं तपासायची एक जागा आहे, तिथं मी झाडलोट करते. औषधं म्हणजे माणसांची नव्हेत, शेतात मारायची. सोयाबीनवर तणनाशक मारलं की ते पावसानं वाहून ओढ्यात जातं, तळ्यात जातं. तिथल्या माशांना त्यानं काय होतं, हे औषध बाजारात यायच्या आधी बघावं लागतं. त्यासाठी काचेच्या टाक्या ओळीनं मांडतात. पहिल्या टाकीत नुसतं पाणी. दुसरीत औषधाचा थेंब, पुढच्या टाकीत त्याहून जास्त, असं वाढवत नेतात. प्रत्येकीत सारखेच मासे सोडायचे आणि चार दिवस बघायचं, कोण मेलं आणि कोण राहिलं.

नवीन माणसाला वाटतं, जिथं मासे मरतात ती टाकी महत्त्वाची. तसं नाही. महत्त्वाची पहिली, साध्या पाण्याची. तिच्यातले मासे मेले तर बाकीच्यांचं मरण फुकट. औषधानं मेले का आपल्या हयगयीनं, कोण सांगणार?

आणि त्याच्याही आधी मासे मोठ्या टाकीत ठेवून रुळू द्यावे लागतात. तिथंच फार मेले तर तो सगळा लॉट बाद. ही मोठी टाकीच आता माझ्यासमोर श्वासाला धडपडत होती.

माझ्या गावच्या बाया, रेणापूरच्या पलीकडच्या, मला टोमणे मारायच्या. लातुरात माणसाला पाणी नाही आणि तुम्ही माशांना रोज नवं पाणी करायलाव. मी म्हणायचे, मासे पगार देतात, तुम्ही देता का? मला माशांची दया वगैरे येत नाही. मी मासे खाते. पण जे मासे मरायचेत ते त्यांच्या कामासाठी मरावेत, एवढं मला पटतं.

मॅडम हदगावच्या. माझी ती कुणी नव्हे, माझ्या नातीच्या वयाची. नांदेडला कॉलेज करून इथं नोकरीला लागली, पण अजून कायम नव्हती. याच्या आधीचा लॉट नांदेडकडून पिशव्यांत भरून आणताना उन्हानं मेला होता. तेव्हा साहेब ओरडले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले होते, हाही गेला तर मासेही आणू नका आणि तुम्हीही येऊ नका. हदगावहून वडलांचा फोन तर रोजच यायचा, बस झालं आता, घरी ये. फोन ठेवला की पोरगी पाइप साफ करायला घ्यायची. रडताना मी तिला पाहिलं नव्हतं. त्या नवमीला दुपारी प्रथमच वाटलं की आता ही रडते.

पण रडली नाही. भिंतीवरून हवा मोजायचा मीटर काढला, त्याची काडी पाण्यात धरली. पाण्यातही हवा असते आणि मासे तीच घेतात, हे मला तिनंच शिकवलं होतं. तिनं आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"विष न्हाई," ती म्हणाली. "हवा न्हाई, मावशी. नळ्या बघा."

टाकीत सोडलेल्या नळ्यांतून बुडबुडे येत नव्हते. इतका वेळ आम्ही दोघी माशांकडं बघत होतो, नळ्यांकडं एकीचंही लक्ष गेलं नव्हतं. वर पंखा गरगर फिरत होता, म्हणजे लाइट होती. लाइट गेली असती तर बॅटरी आपोआप चालू झाली असती. मग हवा कुठं अडकली?

आम्ही मागच्या शेडकडं पळालो. म्हणजे ती पळाली, मी गुडघे सांभाळत गेले.

हवेचं मशीन शेडमध्ये असतं. ते कधी इतकं देखणं दिसलं नव्हतं. धुऊन पुसून लख्ख. अंगाला हळदकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूचा हार, पुढं फोडलेला नारळ आणि उदबत्ती. आणि चिडीचूप. शेजारी औसा गावचा भाऊ, आमची सगळी यंत्रं सांभाळणारा, नव्या कोऱ्या शर्टात स्टुलावर बसून खोबरं खात होता.

ही चूक दुसरीकडं कुठं होईल असं मला वाटत नाही. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. औत, विळा, कुऱ्हाड, वजनकाटा, ट्रॅक्टर, ज्याचं पोट ज्याच्यावर. आणि एकदा पूजा झाली की त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही, त्याची विश्रांती. सकाळी साहेबांनी ऑफिसात नारळ फोडला, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं आणि गावी जाताना म्हणाले, आज सगळं बंद. भाऊ मोठा श्रद्धेचा माणूस. त्यानं सगळं म्हणजे सगळं बंद केलं. हवेचं मशीन तर त्याच्या जिवाचं. त्याला आधी.

मॅडमनी त्याला चालू करायला सांगितलं. भाऊ उठून उभा राहिला, पण हात पुढं करेना.

"ताई, पूजा झाली. आजचा दिवस ऱ्हाऊ द्या."

"मासे मरायलेत."

"मरायलेत?" त्याच्या हातातलं खोबरं तसंच राहिलं. "कशानं?"

त्याला खरोखर कळलं नव्हतं. तो मशीनवाला, टाकीच्या खोलीत कधी येत नसे. मशीनचं पलीकडचं टोक कुणाच्या नाकाला लागलंय, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. तरी तो घुटमळत होता. भीती माशांची नव्हती, पूजा मोडायची होती. मॅडम आता मोठ्यानं बोलणार असं दिसलं, म्हणून मी मध्ये पडले.

"भाऊ, नवमीला तुझी आई चुलीची पूजा करती का न्हाई?"

"करती की, अक्का."

"मग त्या दिवशी तुम्ही उपाशी झोपता का?"

त्यानं खोबरं खाली ठेवलं. मग पायातली चप्पल काढली, मशीनला हात जोडले, हार उतरवून खांद्यावर टाकला आणि खटका दाबला.

मशीन लागलं नाही.

सकाळी पाइप लावून धुतलं होतं ना. खटक्याच्या डबीत पाणी गेलं होतं. भाऊनं डबी उघडली आणि नव्या शर्टाच्या टोकानंच आतून पुसायला लागला. मॅडम तिथं थांबल्या नाहीत. माझा दंड धरून मला टाकीकडं ओढलं आणि गेटवरच्या वॉचमनलाही हाक मारली. तांबे, मग, चहाचं पातेलं, जे हाताला लागलं ते घेतलं. टाकीतलंच पाणी उपसायचं आणि उंचावरून परत टाकीत सोडायचं, धार फुटून हवा मिसळली पाहिजे, पण माशांच्या अंगावर नको, असं त्यांनी सांगितलं. आम्ही तिघं टाकीभोवती उभे राहून तेच करत राहिलो. वॉचमन म्हणाला, मावशी, हे तर महादेवाला अभिषेक घातल्यासारखं झालं. मी म्हणाले, तोंड मिटून घाल.

माझे खांदे भरून आले. नवरात्राचा उपास होता, सकाळपासून पोटात भगर आणि चहा. मॅडमची ओढणी पाण्यात भिजून लोंबत होती. मासे तसेच वर होते, पण आणखी उलटे होत नव्हते. मध्येच वाटायचं तोंडं कमी झाली, मग पुन्हा मोजायला जीव व्हायचा नाही.

मग शेडकडून घरघर आली. ती घरघर मला एरवी डोक्यात जाते, फरशी पुसताना दुसरं काही ऐकू येत नाही. त्या दिवशी गोड वाटली. नळ्यांतून आधी थुंकल्यासारखं काहीतरी झालं, मग बुडबुडे सुटले. आम्ही तरी उपसतच राहिलो, हात थांबवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मॅडम म्हणाल्या, बस. एक पिल्लू खाली गेलं. मग त्याच्यामागं चारदोन. मग घोळका खाली उतरला आणि पाण्याचा वरचा पापुद्रा मोकळा झाला. मी वाकले, माझी सावली पडली, तसे ते पळाले.

मॅडम तिथंच ओल्या फरशीवर बसल्या आणि खिडकीतला प्रसाद खायला लागल्या. सगळा द्रोण खाल्ला. मला एक घास विचारला नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मेलेली पिल्लं जाळीनं काढली. लॉट बाद व्हावा इतकी ती नव्हती. पण साहेबांना सांगायचं होतं. भाऊ दारात आला होता, शर्टाला ग्रीस, खांद्यावर तो हार तसाच. हळू आवाजात म्हणाला, ताई, लाइट गेली होती म्हणा.

"लाइट गेली नव्हती," मॅडम म्हणाल्या आणि फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं, भाऊनं बंद केलं हेही आणि पाण्यातली हवा किती खाली गेली हेही. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं, आता दोघंही गेले.

मग साहेबांनी किती मेले ते विचारलं. मॅडमनी सांगितलं.

"सगळं बंद ठेवा, असं मीच म्हणालो होतो," साहेब म्हणाले. "मासे रुळेपर्यंत थांबा. परत मरायला लागले तर बघू."

एवढंच. भाऊनं खांद्यावरचा हार काढला आणि चालू मशीनला परत घातला. दुसऱ्या दिवशी दसरा. सुट्टी असून तो आपट्याची पानं घेऊन आला. आम्हाला सोनं दिलं, एक पान मशीनवरही ठेवलं, ते थरथरत खाली पडलं, त्यानं परत ठेवलं. तेव्हापासून नवमीला चालत्या मशीनलाच हळदकुंकू लागतं, आणि हार फिरत्या पट्ट्यापासून लांब बांधतात, त्यात अडकू नये म्हणून.

मासे मरायला लागले नाहीत. रुळले, खायला लागले. मग मॅडमनी तारीख धरली. टेस्टच्या आदल्या दिवशी माशांना खायला घालत नाहीत. माझं नवरात्र संपलं आणि त्यांचा उपास लागला. टाक्या ओळीनं मांडल्या, पहिलीत निव्वळ पाणी, पुढं औषध वाढत गेलं.

शेवटच्या टाकीतले पहिल्याच दिवशी गेले. ते जाणारच होते. मधल्या टाकीतले अर्धे गेले, उरलेले तिरके पोहत होते. औषधाचं जे कळायचं होतं ते तिथं कळलं, आणि ते त्या औषधाच्या डब्यावर छापलं जाईल, तळ्याजवळ फवारू नका म्हणून. कुणी वाचेल, कुणी वाचणार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी झाडू घेऊन गेले तर भाऊ माझ्या आधी हजर. माशांच्या खोलीत तो कधी येत नसे, आता चप्पल बाहेर काढून पहिल्या टाकीसमोर उकिडवा बसला होता. मॅडम आल्या. पर्स खांद्यावरच होती. त्यांनी एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, मग मला म्हणाल्या, मावशी, तुम्ही मोजा. मी चौथी शिकलेली आहे, मोजता येतं. मी मोजलं.

साध्या पाण्यातले सगळे मासे जिवंत होते.

साहेबांनी मॅडमना कायम केलं. भाऊ अजून मशीनवरच आहे.