काकूंच्या शेजारची जागा

मेलेल्या माणसांशी आमच्या शेजारच्या काकांइतकी घसट असलेला माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते गल्लीच्या टोकाच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये जे घुसले, ते फक्त जेवायला आणि झोपायला बाहेर येत. चर्चचा इतिहास ऐकायला त्यांना कोणीही चाले. पत्ता विचारायला थांबलेला इतवारीचा एक कापडवाला तासाभराने पाणी पिऊन सुटला. इतिहास मात्र माणूस पाहून बदले. ऐकणारा निवांत असला की घंटा जहाजातून आलेली असे, घाईत असला की बैलगाडीतून. आवारातल्या कबरींची तर ते रीतसर ओळख करून देत. "हा साहेब तापट होता गा, म्हणून याले भिंतीकडं ठेवलं. नमस्कार कर." ईस्टरच्या आधी लोक आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावत, काका वारस नसलेल्या सगळ्या गोऱ्यांनाही लावत.

काकूंची कबरही तिथेच होती. आवार भरलं होतं आणि काकूंच्या शेजारची एवढी एकच जागा उरली होती. ती काकांची. तिच्यावर कोणाचा डोळा जाऊ नये म्हणून त्यांनी तिथे चक्क वांगी लावली आणि गल्लीभर वाटली. ती कुठली हे आईला कळलं तेव्हा आमची भाजी अर्धी संपली होती. "काहून वहिनी, चव बिघडली का?" काका म्हणाले. चव बिघडली नव्हती. उरलेलीही आम्ही खाल्ली.

एका उन्हाळ्यात चर्चमागच्या खोलीत राहणाऱ्या, कन्हानहून आलेल्या जोडप्याचं लहान मूल तापाने गेलं. नवी दफनभूमी गावाबाहेर होती. त्याची आई काही केल्या त्याला तिकडे नेऊ देईना. आवारात जागा नाही, असं पाळकसाहेब तिला समजावत होते. काकांकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. काका स्वतःच उठले, वांग्याची झाडं उपटली आणि कुदळ मागितली.

संध्याकाळी मी विचारलं, "काका, आता तुमचं कसं?"

"मले नेतील गावाबाहेर. तिथं इतिहासच नाही, मीच सुरू करीन." मग कुदळीची माती झटकत म्हणाले, "आमाले लेकरू नव्हतं गा. आता तिच्याजवळ एक आहे."

पुढे काकांना गावाबाहेरच न्यावं लागलं. बस बदलून जावं लागतं. काकूंपासून ते इतके लांब आहेत, हे मला अजूनही सोसत नाही. त्या मुलाची आई मात्र आधी मुलाजवळ बसते, मग बस धरून काकांकडे जाते. काका-काकूंमध्ये ये-जा करणारं तेवढं एकच माणूस आहे.