पोटात ठेवलेलं कडवं

मला राग यायला फार काही लागत नाही. चहात साखर कमी पडली तरी मी दोन कडवी रचू शकतो. पण एक राग मी लढाईच्या वर्षांपासून मुरलेल्या लोणच्यासारखा जपून ठेवला आहे. पाहुणे आले की त्यातला थोडा वाढतो. आज तुमच्या पानात वाढतो.

मी गाणी रचायचो आणि डफावर म्हणायचो. पाठीशी कुणाचा फड नव्हता की कुणी संस्थानिक नव्हता. कोरेगावचा बाजार, आसपासच्या जत्रा, लग्नाचे मांडव, जिथे लोक ऐकतील तिथे आम्ही दोघं उभे राहायचो: मी आणि माझा झीलकरी. मी ओळ टाकायची आणि त्यानं मागून ‘जी रं जी जी’ करत ती उचलून धरायची. तो आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायचा, आणि बारा वर्षं माझ्या डाव्या खांद्यामागे उभा होता. त्याचा आवाज माझ्यापेक्षा बरा होता, हे आज लिहितो. तेव्हा कुणी तसं म्हटलं असतं तर मी त्याच्या घरचं पाणी सोडलं असतं.

आमच्यात गाणं कुणाचं ते शेवटच्या कडव्यावरून कळतं. रचणारा तिथे आपलं नाव घालतो, गुराच्या पुठ्ठ्यावर डाग द्यावा तसं. माझी खोड अशी की नवं गाणं बसवताना हे शेवटचं कडवं मी कुणालाच ऐकवायचो नाही, झीलकऱ्यालासुद्धा नाही. नाव आधी फुटलं की गाण्याला दृष्ट लागते, असं मला शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायची. भर जत्रेत ते कडवं पहिल्यांदा बाहेर काढायचं आणि लोकांबरोबर माझ्याच माणसाचे डोळे विस्फारलेले बघायचे!

लढाईच्या त्या वर्षी घरटी एक माणूस पलटणीत गेला होता. गावात बायका टपालवाल्याला ओट्यावर बसवून पत्र वाचून घ्यायच्या. त्यावर मी गाणं रचलं:

पत्र आलं पलटणीचं, वाचून दाव रं दादा,
सारं झालं वाचून, तरी वाच की आणिक यकदा.

हे गाणं माझं नाव कोरेगावच्या बाहेर नेणार, याची मला खात्री होती. महिनाभर आम्ही खळ्यावर ते घोटलं. जत्रेत पहिल्यांदा म्हणायचं ठरलं. जत्रा आठ दिवसांवर आली आणि झीलकरी नाहीसा झाला. त्याच्या बायकोनं सांगितलं की सांगलीला कामाला गेलेत. कसलं काम ते तिनं सांगितलं नाही आणि मीही, गाढव, विचारलं नाही. झीलेवाचून गाणं उभं राहीना, म्हणून त्या जत्रेत मी जुनीच गाणी म्हटली.

पुढे गावातला एक जण हळद घेऊन सांगलीच्या पेठेत गेला. परत आला तो माझ्या दारात माझंच गाणं गुणगुणत. सांगलीत हे लय गाजतंय, तुमी ऐकलंय का, असं त्यानं मलाच विचारलं. मी डफ काखेत मारला आणि स्टेशन गाठलं.

सांगलीत नदीकाठच्या माळावर कुस्त्या नुकत्याच संपल्या होत्या. भर उन्हात एक जरीफेटेवाला शाहीर मंचावर उभा राहिला. त्याच्यामागे तीन झीलकरी, त्यातला तिसरा माझा. गाणं सुरू झालं. शब्द माझे, चाल माझी, मी जिथे दम घेतो तिथेच त्यानंही दम घेतलेला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि घटकाभर मलाच बरं वाटलं, हा तर त्याहून मोठा संताप. मग शेवटचं कडवं आलं. माझं त्याच्याकडे नव्हतंच. त्यानं आपलं एक जुळवलं होतं, लंगडं, आणि त्यात स्वतःचं नाव ठोकून दिलं होतं. ठिगळ कुणालाच दिसलं नाही.

आमच्या मुलखात डफ हातात असेल त्यानं गर्दीतून उठून सवाल टाकायला कुणाची हरकत नसते. मी उठलो. सवाल टाकलाच नाही. डफावर थाप मारली आणि माझं शेवटचं कडवं म्हटलं, माझ्या नावासकट. दुसऱ्या ओळीच्या टोकाला मी आवाज लांबवला आणि मंचावरून आलं, ‘जी रं जी जी.’

माझ्या झीलकऱ्यानं ते कडवं जन्मात ऐकलं नव्हतं. पण ओळ पडली, गळ्यानं उचलली. मग त्यानं आपल्याच तोंडावर हात ठेवला.

शाहीर वळून त्याच्याकडे बघत राहिला. जिंकलो, असं मला वाटलं. पण शाहीरही फडात मुरलेला होता.

“वा पाव्हणं,” तो म्हणाला, “आमचं गाणं तुमच्या गावापतूर पोचलं आनि शेपूट लावून म्हागारी आलं म्हनायचं.”

माळ हसला. गाणं माझं आहे, असं मी ओरडून सांगत राहिलो. शेजारचे एक म्हातारबाबा भडंगाचा बोकणा भरत म्हणाले, “खाली बसा की वो. आमी बी बसलोय न्हवं.”

झीलकरी नंतर घाटावर भेटला. त्याच्यासाठी मी शिव्या रचून ठेवल्या होत्या, यमकासकट. तोंडातून निघालं एवढंच, “चोर हायस गड्या तू.”

“चोरी कशाची?” तो म्हणाला. “नाव हुतं का त्यात कुनाचं? तूच दिलं न्हाईस.” मग पायरीवर बसला. “बारा वर्सं तुज्यामागं जी जी केलं. माजं नाव कंच्या कडव्यात हाय, सांग बरं.”

“आनि हितं हाय व्हय?”

“हितं बी न्हाई. पर हितं मला शेवट आधी ठावा असतोय.”

मी उठलो आणि गाडी धरली. रहिमतपूर येईपर्यंत शाहिराला शिव्या दिल्या, नंतर झीलकऱ्याला, मग त्या भडंगवाल्यालाही सोडलं नाही. तेव्हापासून मी माझं नाव गाण्याच्या पहिल्याच ओळीत घालतो. जुने शाहीर हसतात, म्हणतात हा दारातच पाटी लावून बसलाय. हसोत.

पण त्या गाडीत आणखी एक झालं. नुसतं बघावं म्हणून शेवटच्या कडव्यात माझ्या जागी मी त्याचं नाव घालून पाहिलं. चपखल बसलं. माझं नाव तिथे मुळात कमीच पडत होतं. ते ओढून पुरवायला तर मी त्या ओळीच्या टोकाला आवाज लांबवायचो. बाकीचे राग थोडेफार निवले, हा निवत नाही.

त्याच्या नावाचं ते कडवं मी अजून कुणाला ऐकवलेलं नाही. त्यालासुद्धा नाही.